अठरा शब्द

१९६४ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या आर्थर रोड तुरुंगातून एका स्थानबद्धाचा अर्ज राज्य सरकारकडे आला. सुटकेबद्दल त्यात काही नव्हतं. आत बसल्या बसल्या त्याने मराठीत एक पुस्तक लिहून पुरं केलं होतं, लिहायची परवानगी सरकारनेच दिलेली होती, आणि आता हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्यावं, एवढंच मागणं होतं. पुस्तकाचं नाव 'अणूच्या अंतरंगात'. लेखक प्रभाकर पांडुरंग संझगिरी, कम्युनिस्ट चळवळीतले कार्यकर्ते. चीन युद्धाच्या वेळी लागू झालेले भारत संरक्षण नियम लावून त्यांना आत टाकलेलं. सरकारने सहा महिने विचार केला आणि २७ मार्च १९६५ च्या पत्राने नकार कळवला.

'अणू' हा शब्द वाचून सचिवालयात कुणाच्या डोळ्यांपुढे बॉम्ब उभा राहिला असेल, असं आपल्या मनात येतं. पण कोर्टात सरकारने पुस्तकाविरुद्ध फारसं काही म्हटलंच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका चाळली होती आणि हे निव्वळ विज्ञानाचं पुस्तक आहे, देशाच्या संरक्षणाला यातून कसलाही धोका नाही, अशी खात्री करून घेतली होती. हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्या, पुढे ते छापता येईल, असा आदेशही दिला होता. तरीही सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते एका तत्त्वासाठी. स्थानबद्धाला जे काही हक्क असतात ते नियमांनी दिलेले तेवढेच. पुस्तक प्रसिद्ध करण्याचा हक्क नियमांत कुठेही लिहिलेला नाही. सबब तो नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं असताना, न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हा युक्तिवाद उलटा करून ठेवला. नियमांतली यादी ही हक्कांची नाही, निर्बंधांची आहे. जे त्यात मना केलेलं नाही ते माणसाकडे राहतं, मग तो गजाआड का असेना. हस्तलिखित अडवायला कायद्याचा आधार नाही, आणि कायद्याच्या आधाराशिवाय अडवणं म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला. सरकार हरलं.

न्यायालयाचा सारा भर होता तो राज्यघटनेच्या कलम २१ वर. कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कुणाही व्यक्तीचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही, हा त्याचा मथितार्थ. मूळ इंग्रजी वाक्यातले शब्द मोजले तर बरोबर अठरा भरतात. त्यात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. २६ जानेवारी १९५० पासून आजवर शंभराच्या वर घटनादुरुस्त्या झाल्या. या अठरा शब्दांना कुणी हात लावलेला नाही. आणि तरीही वकिलांची आजची पिढी या वाक्यातून जे काढते ते १९५० च्या वकिलाला सांगितलं असतं तर त्याने आपल्याला वेड्यात काढलं असतं. पोटापाण्याचा धंदा, कोठडीत बाईमाणसाची सुरक्षितता, फुकट शाळा, परदेशप्रवास, स्वतःच्या घराचा आडपडदा, हे सगळं त्याच वाक्यात सापडलं आहे.

हे कसं झालं, याची गोष्ट सहसा विजयांची यादी म्हणून सांगितली जाते. निकालपत्रं उघडून शेवटचं पान पाहिलं की मात्र एक विचित्र गोष्ट लक्षात येते. ज्यांच्या नावाने हे हक्क ओळखले जातात त्यांतले बरेच जण आपला खटला हरलेले आहेत, किंवा जिंकूनही रिकाम्या हाताने घरी गेलेले आहेत. संझगिरींसारखे, ज्यांना मागितलं ते मिळालं, असे थोडे.

हे वाक्य जन्मतःच वादात सापडलं होतं. घटना समितीतल्या सुरुवातीच्या मसुद्यात 'कायद्याच्या यथोचित प्रक्रियेशिवाय' अशा अर्थाचे अमेरिकी धाटणीचे शब्द होते. यथोचित म्हणजे काय, हे ठरवणार न्यायाधीश. संसदेने कायदा केला तरी तो न्याय्य नाही म्हणून न्यायालय तो फेकून देऊ शकेल. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेला जाऊन आले, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. या शब्दांमुळे मूठभर न्यायाधीशांच्या हाती लोकप्रतिनिधींच्या कायद्यावर नकाराधिकार येतो, असं फ्रँकफर्टर यांचं मत होतं. शब्द बदलले. जपानच्या नव्या घटनेतल्या शब्दयोजनेच्या वळणावर 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली.

डिसेंबर १९४८ मध्ये हे कलम सभागृहापुढे आलं तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जुने शब्द परत आणा म्हणून दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांचं १३ डिसेंबरचं उत्तर वाचताना हा माणूस किती प्रामाणिक होता ते जाणवतं. एका बाजूला पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ, ते नागरिकांवर अन्याय करणारा कायदा करणार नाही याची हमी नाही. दुसऱ्या बाजूला न्यायासनावर बसलेली पाच-सहा माणसं. त्यांच्या हाती सगळ्या कायद्यांची तपासणी सोपवायची, तर तीही शेवटी माणसंच. इकडे आड तिकडे विहीर. आपल्याला निश्चित मत देता येत नाही, सभागृहाने ठरवावं, असं सांगून ते खाली बसले. दुरुस्ती फेटाळली गेली. पण त्यांच्या मनातली रुखरुख गेली नसावी, कारण सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनीच एक नवं कलम आणलं. अटकेचं कारण सांगा, वकील देऊ द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. जे आधी गमावलं त्याची ही थोडी भरपाई, असं त्यांनी स्वतःच म्हटलं. आज ते कलम २२ म्हणून ओळखलं जातं. त्याच कलमात चौकशीशिवाय स्थानबद्ध करण्याची मुभाही ठेवलेली आहे. उपाय आणि अपाय एकाच बाटलीत. हे कलम शेवटी पुन्हा भेटणार आहे.

घटना लागू होऊन महिना होतो न होतो तोच संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन डिसेंबर १९४७ पासून या ना त्या कलमाखाली मद्रास प्रांतात आतच होते. १ मार्च १९५० ला त्यांच्या हाती नव्या कायद्याखालचा हुकूम पडला आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या पद्धतीने मला डांबलं ती कार्यपद्धती न्याय्य आहे का, हे पाहा, एवढंच त्यांचं म्हणणं.

१९ मे १९५० ला बहुमताने उत्तर दिलं, की ते पाहणं आमचं काम नाही. संसदेने कायदा केला, कायद्यात कार्यपद्धती लिहिली, ती पाळली गेली, संपलं. प्रत्येक मूलभूत हक्काचा आपापला कप्पा आहे, स्थानबद्धतेचा प्रश्न कलम २२ च्या कप्प्यातला, भाषण-संचार स्वातंत्र्याचा कलम १९ च्या, एकाचं दुसऱ्यात मिसळू नका. पाटबंधाऱ्यांची पाळी असावी तसं हे वाचन झालं, ज्याच्या त्याच्या वाफ्यात ज्याचं त्याचं पाणी. न्यायमूर्ती फाजल अली यांनी एकट्याने वेगळं मत नोंदवलं. माणसाला कोठडीत घातलं की त्याचं फिरणंही थांबतं, मग हे हक्क एकमेकांपासून तोडून कसे वाचता येतील? आणि कार्यपद्धती म्हणायची तर तिच्यात नोटीस, बाजू मांडायची संधी, निःपक्ष न्यायासन, रीतसर सुनावणी एवढं तरी हवं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. गोपालन आतच राहिले. स्थानबद्धतेची कारणं न्यायालयालाही सांगायची नाहीत अशी बंदी घालणारं एक कलम तेवढं न्यायालयाने रद्द केलं. १९५२ च्या निवडणुकीत गोपालन लोकसभेवर निवडून गेले.

बारा वर्षांनी उत्तर प्रदेशातला एक माणूस आला. खरक सिंग. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून पकडलेला, पुरावा नाही म्हणून सोडलेला. पण पोलिसांनी त्याच्या नावाने 'हिस्टरीशीट' उघडलं ते उघडलंच. रात्री-अपरात्री शिपाई नाहीतर गावचा चौकीदार दारावर येऊन ओरडायचा, झोपेतून उठवायचा, कधी ठाण्यावर चल म्हणायचा. सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरवल्या, बाकीची पाळत चालू ठेवायला मोकळीक दिली, आणि जाता जाता म्हटलं, की खासगीपणाचा हक्क म्हणून आपल्या घटनेत काही नाही. इथेही न्यायमूर्ती सुब्बा राव विरोधात होते, न्यायमूर्ती शहा यांच्यासह. पाळत ही पाळतच, ती दिवसा काय नि रात्री काय. हेही कुणी ऐकलं नाही.

आणि मग १९७५ आलं.

आणीबाणी जाहीर झाल्यावर २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४ (समानता), २१ आणि २२ साठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. अशा स्वरूपाचा आदेश १९६२ मध्येही निघाला होता, पण त्यात एक अट होती. भारत संरक्षण कायदा व त्याखालचे नियम यांनुसार ज्याचं स्वातंत्र्य गेलं असेल त्यालाच ती स्थगिती लागू होती. नियम मोडून कुणाला छळलं तर त्याला न्यायालयाचं दार उघडं होतं. संझगिरी नेमके त्याच दारातून आत शिरले होते. १९७५ च्या आदेशात ही अटच नाही. एवढंसं एक वाक्य कमी झालं आणि दार भिंतीत बुजवलं गेलं. कायद्याच्या मसुद्यात काय लिहिलंय हे सगळे वाचतात. काय गाळलंय ते वाचायला सवय लागते.

तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं, 'मिसा' या स्थानबद्धता कायद्याखाली डांबलेल्यांच्या बाजूने कौल दिला. हुकूम तरी कायद्यात बसतो का, हे आम्ही पाहणार, असं ही न्यायालयं म्हणाली. सरकार अपिलात गेलं. जबलपूर खटला म्हणून ओळखलं जाणारं ते प्रकरण. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खासगी वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर न्यायालयात काही दाद आहे का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. न्यायालयात असं उत्तर येणं ही एक गोष्ट. ते ऐकून चार न्यायमूर्तींनी मान डोलावणं ही दुसरी. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकार जिंकलं. न्यायमूर्ती बेग यांना तर सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतंय असं दिसलं. पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी निकाल सरकारच्या बाजूने दिला आणि असे अत्याचार या देशात होणार नाहीत अशी आशा व्यक्त केली. ती आशा हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी कठीण आहे, असं त्यांनी लिहिलं. निकालपत्रात आशा लिहायची वेळ येते तेव्हा खाली कायद्याची जमीन उरलेली नसते. खन्ना एकटे उलट बाजूला उभे राहिले. जगण्याचा हक्क कलम २१ ने दिलेला नाही, ते कलम नसतं तरी सरकारला कायद्यावाचून कुणाचा जीव घेता आला नसता, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतातले न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ मध्ये, निवृत्तीनंतर खूप वर्षांनी, आपला तो निकाल चुकला होता हे जाहीरपणे मान्य केलं.

इथे दुरुस्ती न्यायालयाने केली नाही, संसदेने केली. जनता सरकारच्या काळात आलेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत असं लिहून टाकलं. 'अंतर्गत अशांतता' या सैल शब्दाऐवजी 'सशस्त्र बंड' असा आवळ शब्द घातला. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय आणीबाणी जाहीर करायची नाही, हेही घातलं. याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून साधा घटनात्मक हक्क करून ठेवला. म्हणजे हक्क फक्त वाढतच गेले, असं समजायचं कारण नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

त्याच सुमाराला दैवाने थोडा विनोद केला. आणीबाणी लादणाऱ्या इंदिरा गांधींच्या सूनबाई मनेका गांधी यांना जुलै १९७७ मध्ये दिल्लीच्या पासपोर्ट कार्यालयाचं पत्र आलं, की सार्वजनिक हितासाठी तुमचा पासपोर्ट जप्त करायचं ठरलं आहे, सात दिवसांत आणून द्या. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगणं सार्वजनिक हिताचं नाही, असं उत्तर आलं. म्हणजे आणीबाणीतली भाषा आणीबाणीनंतरच्या सरकारने त्याच घरातल्या माणसावर चालवली.

२५ जानेवारी १९७८ ला सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्यात बेग, चंद्रचूड आणि भगवती हे तिघेही होते. मुख्य निकालपत्र भगवतींचं. कायद्यात कार्यपद्धती लिहिलेली आहे एवढं पुरेसं नाही, ती रास्त, न्याय्य आणि वाजवी असायला हवी. मनमानी कार्यपद्धती ही कार्यपद्धतीच नव्हे. कलम १४, १९ आणि २१ वेगवेगळ्या कप्प्यांतली नाहीत, एकमेकांत मिसळलेली आहेत. कप्पे मोडायची सुरुवात १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यातच झाली होती, पण फाजल अली यांनी १९५० मध्ये एकट्याने म्हटलेलं आता न्यायालयाच्या बहुमताने म्हटलं. घटना समितीने दारातून बाहेर काढलेले ते अमेरिकी शब्द अशा रीतीने खिडकीतून आत आले. आंबेडकरांपुढचा आडविहिरीचा प्रश्न न्यायाधीशांनी परस्पर सोडवून टाकला, आपल्या बाजूने. हे सगळ्यांनाच पटलेलं नाही आणि पटायलाच हवं असंही नाही.

आणि मनेका गांधींचा पासपोर्ट? सरकारतर्फे सांगण्यात आलं, की आम्ही त्यांचं म्हणणं ऐकून घेऊ. त्यावर न्यायालयाने जप्तीचा हुकूम रद्द केला नाही, आणि पासपोर्ट पुढील आदेशापर्यंत न्यायालयाच्या निबंधकांकडेच ठेवायला सांगितला. देशाला हक्क मिळाला, बाईंना पासपोर्ट नाही.

त्यानंतरची सात-आठ वर्षं न्यायालयाला जणू पश्चात्ताप झाला होता, असं म्हणायचा मोह होतो. कायदेपंडितांनी हे म्हटलेलंही आहे. वर्तमानपत्रातली बातमी, साधं पोस्टकार्ड यालाही याचिका मानलं जाऊ लागलं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले, की ज्यांच्यावरच्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा तेवढ्याहून अधिक काळ ते खटला सुरू व्हायची वाट पाहत आत होते. १९७९ मध्ये न्यायालयाने लवकर खटला चालण्याचा हक्क कलम २१ मध्ये वाचला आणि हजारोंची सुटका झाली. हक्क वाचला गेला खरा. आजही देशातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी सुमारे तीन कच्चे कैदीच आहेत.

मुंबईत पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या १५ स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात जे आदेश आहेत ते वाचताना थोर तत्त्वं फारशी भेटत नाहीत, व्यवहार भेटतो. बायकांची कोठडी वेगळी ठेवा, पहाऱ्याला स्त्री पोलीस ठेवा, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसाच्या उपस्थितीतच करा, अटक झाली की नातेवाइकाला कळवा, कोठडीत हक्कांचा फलक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावा. मला विचाराल तर कलम २१ ची सगळ्यात मोलाची पानं ही अशीच, फलक कुठल्या भाषेत असावा हे सांगणारी.

मुंबईचंच दुसरं प्रकरण त्याहून गाजलं. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्यात येईल. पाऊस धो धो कोसळत होता. याचिकादारांत तमिळनाडूतल्या सेलमहून १९६१ मध्ये कामाच्या शोधात आलेला एक मजूर होता. २३ जुलैला भर पावसात त्याची खोपटी तोडून त्याला सेलमच्या बसमध्ये बसवून देण्यात आलं. तो गेला आणि काम शोधत परत आला, पुन्हा फुटपाथवरच. गावात काम असतं तर वीस वर्षांपूर्वी आला कशाला असता? पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो.

पालिकेच्या वकिलांनी एक चांगला मुद्दा काढला. या लोकांनी उच्च न्यायालयात स्वतःच कबूल केलंय, की फुटपाथवर राहायचा आम्हाला मूलभूत हक्क नाही आणि १५ ऑक्टोबरनंतर आम्ही आडवे येणार नाही. आता शब्द फिरवता येणार नाही. घटनापीठाचं उत्तर असं, की मूलभूत हक्क ही काही माणसाची खासगी चीजवस्तू नव्हे, की सोडतो म्हटलं आणि सुटली. हे हक्क समाजाचे आहेत, कबुलीजबाबाने ते जात नाहीत.

मग मुख्य प्रश्न. माणूस फुटपाथवर का राहतो? कामाच्या जागेजवळ राहावं लागतं म्हणून. रोजच्या मजुरीतून रेल्वेचं भाडं जाऊन हाती काही उरत नाही म्हणून. त्याला तिथून हाकललं की काम गेलं, काम गेलं की पोट गेलं. एखाद्याचा जीव घ्यायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे त्याची रोजीरोटी काढून घेणं. म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे लिहिलं सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी, १० जुलै १९८५ रोजी. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. १९७६ मध्ये जगण्याच्या हक्कासाठी न्यायालयाचं दार बंद करणाऱ्या निकालावर ज्यांची सही, त्यांच्याच शेवटच्या मोठ्या निकालाने त्या हक्कात भाकर घातली. माणसाचा जमाखर्च असा सरळ मांडता येत नाही, पण या दोन तारखा शेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर न्यायालयाने फुटपाथवाल्यांना काय दिलं? महापालिका कायद्याच्या कलम ३१४ प्रमाणे आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण हटवता येतं. न्यायालय म्हणालं, की एरवी नोटीस द्यायलाच हवी, ऐकून घ्यायलाच हवं. पण तुमचं म्हणणं आता आम्हीच ऐकलंय, तेव्हा वेगळी सुनावणी नको. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबा आणि मग हटवा. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्या, पण आधी जागा मग हटवणं, अशी सक्ती नाही. वीस वर्षांहून जुन्या, सुधारलेल्या वस्त्यांना सार्वजनिक कामाला जागा लागल्याशिवाय हात लावू नका. जगातल्या कायद्याच्या पुस्तकांत उद्धृत होणारा निकाल, आणि याचिकादार पुन्हा बिऱ्हाड उचलण्याच्या तयारीत.

शिक्षणाची वाट जरा वेगळी गेली. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली होती. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तसं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यावं असं म्हटलं, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. न्यायालयात मागता न येणारं. ही दहा वर्षं १९६० मध्ये संपली.

पेच सुटला तो भलत्याच टोकाला. कर्नाटकातलं एक खासगी वैद्यकीय महाविद्यालय सरकारी कोट्यातल्या विद्यार्थ्यांकडून वर्षाला २,००० रुपये घेत होतं आणि परराज्यातल्या एका मुलीकडे ६०,००० मागत होतं. १९९२ मध्ये या डॉक्टरकीच्या फीवरून निघालेला वाद पुढच्याच वर्षी मोठ्या पीठापुढे गेला आणि तिथे बाहेर पडलं ते वेगळंच. उच्च शिक्षणाचं राहू द्या, पण चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा कलम २१ मधला हक्क आहे. पाटीपेन्सिलीला न्याय मिळाला तो स्टेथोस्कोपच्या भांडणातून. पुढे २००२ मध्ये संसदेने ८६ वी घटनादुरुस्ती करून ते कलम २१-क म्हणून घटनेत लिहिलं, कायदा आला २००९ मध्ये, अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० ला. पण लिहिताना संसदेने वयाला खालून कात्री लावली. न्यायालयाने 'चौदा वर्षांपर्यंत' म्हटलं होतं, दुरुस्तीत 'सहा ते चौदा' आलं. सहाच्या आतली पोरं पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांत गेली. हक्क कागदावर उतरला आणि उतरताना आखूड झाला, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

खरक सिंगाच्या दारावरची थाप मात्र पंचावन्न वर्षं घुमत राहिली. आधारच्या विरोधात कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी याचिका केली, तेव्हा सरकारने तेच जुनं निकालपत्र पुढे केलं, की खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही असं तुम्हीच म्हणून बसलायत. १९५४ चा एक निकाल आठ न्यायमूर्तींचा, खरक सिंगाचा सहा जणांचा. आपल्याकडे जुना निकाल मोडायचा तर त्याहून मोठं पीठ लागतं. म्हणून नऊ जण बसले. २४ ऑगस्ट २०१७ ला त्या नऊही जणांनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातलाच आहे. सुब्बा राव १९६२ मध्ये जे म्हणाले ते बरोबर होतं.

त्याच निकालात १९७६ चा जबलपूर निकालही रद्द झाला. तसं करणारं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. म्हणजे यशवंत चंद्रचूड यांच्या चिरंजीवांनी. वडिलांनी दिलेला कौल गंभीर चुकांनी भरलेला होता, असं मुलाने निकालपत्रात लिहिण्याचा हा प्रसंग मराठी घरातल्या कुणालाही थबकवणारा आहे. खन्ना तोवर हयात नव्हते.

आता ते कलम २२. राज्यघटनेची सरकारी प्रत कुठल्याही कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात मिळते. ती उघडून हे कलम काढा आणि चौथ्या खंडाखालची बारीक अक्षरांतली तळटीप वाचा. ४४ व्या दुरुस्तीने स्थानबद्धतेची सल्लागार मंडळाविना चालणारी मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती, आणि मंडळावर कोण बसणार हे ठरवायचं सरकारच्या हातून काढून उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीकडे दिलं होतं. दुरुस्तीची बाकीची कलमं लागू झाली. याच्यासाठी केंद्राने तारीख जाहीर करायची होती. १९८१ च्या अखेरीस कुणीतरी सर्वोच्च न्यायालयाला विचारलं, सरकारला तारीख ठरवायला सांगा. आम्हाला तसं भाग पाडता येत नाही, असं न्यायालयाने बहुमताने म्हटलं; सरन्यायाधीश पुन्हा यशवंत चंद्रचूडच. त्यानंतर दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. दुरुस्तीचा नवा मजकूर त्या तळटिपेत छापलेला असतो, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, की ही तारीख अद्याप अधिसूचित व्हायची आहे.